मास्तरांच्या मानेची पूर्वतयारी

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला जोथम मुसेंबी मास्तरांची मान डावीकडे वळली आणि तिथंच राहिली.

वळली ती काही उगाच नाही. शनिवारी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून मास्तर बैठकीच्या खोलीचं छत स्वतः रंगवत होते. "रंगारी बोलवा," असं त्यांची बायको रोडा दोनदा म्हणाली होती. पण अठ्ठावीस वर्षं पोरांना आयताचं क्षेत्रफळ शिकवणाऱ्या माणसाला एक छत रंगवता येऊ नये, हे मास्तरांना मान्य नव्हतं. पाऊण क्षेत्रफळ रंगवून झालं. मग डाव्या कोपऱ्यात एक जळमट दिसलं म्हणून त्यांनी मान वळवली, आणि 'कट्' असा आवाज झाला.

"काय मोडलं?" रोडानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी," मास्तर शिडीवरून म्हणाले.

आता मान लचकते, सगळ्यांचीच लचकते. आठवडाभर तेल चोळावं आणि गप्प बसावं. पण मास्तरांकडे चारच दिवस होते. शनिवारी दुपारी बारा वाजता माचाकोस गावाहून नवरामुलगा किओकोचे लोक तीन शेळ्या घेऊन यायचे होते, मास्तरांच्या मुलीला, काटुंगेला मागणी घालायला. आमच्या काम्बा लोकांत शेळ्या आल्याशिवाय लग्नाचं पानही हलत नाही. शेळ्या आल्या की सगळ्यांदेखत बापानं मुलीच्या डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, "या शेळ्या घ्यायच्या का?" मुलगी हो म्हणाली की झालं. हा प्रश्न आयुष्यात एकदाच विचारायचा असतो, आणि मास्तरांना तर एकुलती एक मुलगी. गेले सहा महिने ते हा प्रश्न आंघोळ करताना घोकत होते.

मुलगी बसते बापाच्या उजव्या हाताला. डाव्या हाताला, रोडानं आखलेल्या बैठकीप्रमाणे, शेजारचे सार्जंट ओबुया. म्हणजे शनिवारी मास्तर अतिशय मायेनं, डोळ्यांत पाणी आणून, "या शेळ्या घ्यायच्या का?" असं सार्जंट ओबुयांना विचारणार.

"अख्खं अंग वळवा की," रोडा म्हणाली.

मास्तरांनी खुर्चीत बसून वळून पाहिलं. सबंध खुर्ची वळली, शेजारचा स्टूल पडला आणि तरी काटुंगेचा फक्त कान दिसला.

त्यात मुलाकडून बोलणी करायला येणार मुथुई काका, किओकोचे थोरले चुलते. हा माणूस बोलत नाही. पटलं तर मान हलवतो, नाही पटलं तर तोंड फिरवतो. त्यांनी तोंड फिरवलं की बोलणी मोडली असं समजायचं. अशी दोन लग्नं त्यांनी एक शब्द न बोलता मोडली होती. आता अशा माणसाचं स्वागत मुलीच्या बापानंच तोंड फिरवून केलं, तर काय होईल ते सांगायला नको.

बुधवारी संध्याकाळी काटुंगे कामावरून आली ती तोडगा घेऊनच. "बाबा, किलिमानी भागात एक चांगलं मालिश केंद्र आहे. शनिवारी सकाळी नऊची वेळ घेतलीय. बारापर्यंत परत याल. आणि पैसे भरलेत, ते परत मिळत नाहीत."

"मालिश?" मास्तर दाराकडे बघत म्हणाले, कारण दार डावीकडे होतं. "काटुंगे, मी चर्चचा वडीलधारा माणूस आहे. शाळेचा उपमुख्याध्यापक आहे. परक्या बाईसमोर कपडे काढून पालथा पडू?"

"टॉवेल देतात, बाबा."

"केवढा?"

काटुंगेनं हातानं माप दाखवलं. ते मास्तरांना दिसलं नाही, म्हणून ती उठून डावीकडे आली आणि पुन्हा दाखवलं. मास्तरांचा चेहरा पडला. पण मग ती तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "शनिवारी विचाराल तेव्हा माझ्याकडे बघाल ना?" मास्तरांनी टॉवेल मान्य केला.

दुसऱ्या दिवशी केंद्राकडून फोनवर सूचना आल्या: मालिशला येण्यापूर्वी काय तयारी करावी. भरपूर पाणी प्या, हलकं खा, सैल कपडे घाला, दागिने काढून ठेवा, आत फोन बंद ठेवा, आणि पूर्वीचे आजार लिहून कळवा. दुसरा कोणी असता तर त्यानं वाचून सोडून दिलं असतं. मास्तर आयुष्यभर सूचना देत आले होते. सूचना पाळणारं कोणी भेटलं नव्हतं. आता ती संधी त्यांना स्वतःलाच मिळाली. त्यांनी वही काढली, समास आखला आणि सूचना लाल शाईनं उतरवून घेतल्या. वही डावीकडे धरून.

पहिला घोटाळा आजारांनी केला. 'पूर्वीचे आजार' म्हटल्यावर मास्तरांनी गोवरापासून सुरुवात केली. मग मलेरिया, सालवार. मग दाढ. चौथ्या पानाच्या शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'शाळा तपासणीला अधिकारी आले की छातीत धडधडते.' चारही पानांचे फोटो काढून त्यांनी पाठवून दिले. अर्ध्या तासात केंद्रातल्या मुलीचा फोन आला. "सर, छातीत धडधडतं असं लिहिलंय. डॉक्टरांचं पत्र लागेल. त्याशिवाय आम्ही हात लावू शकत नाही."

मास्तर तडक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. खिडकीत एक जाडसा कारकून बसला होता.

"काय होतंय?"

"काही होत नाही. काही होत नाही असं पत्र हवंय."

कारकुनानं वर बघितलं. "आजार काय लिहू?"

"आजार नाही."

"अहो, आजार नसलेल्यांचा फॉर्म कुठंय?" असं तो मागं वळून कोणाला तरी ओरडून विचारेल असं मास्तरांना वाटलं, पण त्यानं फक्त पेन खाली ठेवलं. "साहेब, हा दवाखाना आहे. इथं फॉर्म आजाऱ्यांचेच आहेत. आजार सांगा, तर डॉक्टर तपासतील. तपासून तुम्ही बरे निघालात, तर तसं लिहून देतील."

"मग मान लिहा."

"मान हा आजार आहे का?"

"माझी आहे," मास्तर म्हणाले.

दोन तास बाकावर बसल्यावर पत्र मिळालं. 'सदर इसम शनिवारी मानेवर होणाऱ्या उपचारांसाठी शरीरानं सक्षम आहे.' खाली सही, त्यावर शिक्का. ते घडी करून खिशात ठेवणार तोच डाव्या बाजूनं, म्हणजे नेमकं मास्तर जिकडं बघत होते तिकडूनच, सार्जंट ओबुया आले. सार्जंट पोलिसातून निवृत्त झालेले, सव्वाशे किलोचा ऐवज, आपली साखर तपासायला आले होते. दुसऱ्याच्या हातातला कागद वाचणं ही त्यांची जुनी सवय.

"शनिवारी? मानेवर? कसले उपचार, मास्तर?"

मास्तरांच्या जिभेवर 'मालिश' हा शब्द आला. पण चर्चमधली सगळी बाकं डोळ्यांसमोर उभी राहिली आणि शब्द परत घशात गेला. "आहेत... छोटेसेच. किलिमानीत."

सार्जंटनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलो," ते हळूच म्हणाले.

एकतीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस 'समजलो' म्हणाला, की त्याला काडीचंही समजलेलं नाही असं समजावं. संध्याकाळपर्यंत आमच्या सबंध कॉलनीच्या फोनवर एक नवा गट उगवला होता: 'मास्तर जोथम मान शस्त्रक्रिया समिती'. अध्यक्ष सार्जंट ओबुया. चिटणीस वायरिमूबाई, चर्चच्या महिला मंडळाच्या. सभासद त्रेचाळीस. आमच्याकडे दोन माणसं जमली की समिती होते, ही तर मानेची गोष्ट होती. त्रेचाळिसावे सभासद म्हणून शेवटी खुद्द मास्तरांना घेण्यात आलं.

मास्तरांनी लगेच लिहिलं: 'मी ठणठणीत आहे. कोणीही काळजी करू नये.'

त्यावर सतरा उत्तरं आली. 'केवढं हे धैर्य!' 'देव अशीच श्रद्धा सगळ्यांना देवो.' 'मास्तरांकडून शिकण्यासारखं आहे.' मास्तर घाबरले. 'पैसे मात्र गोळा करू नका, हात जोडतो,' असं त्यांनी निक्षून लिहिलं. ते समितीनं एकमतानं मान्य केलं. पण त्यामुळं झालं असं, की समितीची सगळी ताकद शिल्लक राहिली, आणि ती भेटायला येण्यात खर्च होऊ लागली.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोणी जात नाही. गुरुवारी संध्याकाळी साखर आली. शुक्रवारी सकाळी पाव, दूध, मक्याचं पीठ आणि पुन्हा साखर. प्रत्येक जण डाव्या बाजूच्या खुर्चीत बसून हळू आवाजात बोलायचा. उजवीकडे बसलेला उठून डावीकडे यायचा, मग डावीकडच्याला सरकावं लागायचं. दुपारपर्यंत सगळा सोफा डावीकडे गेला.

"अहो, सांगून टाका ना खरं!" रोडा स्वयंपाकघरात दात-ओठ खात म्हणाली.

"आता? सहा किलो साखर घेतल्यावर?" मास्तर म्हणाले. हेही खरंच होतं. घेतलेल्या साखरेला तोंड कसं दाखवायचं?

शुक्रवारी दुपारी वायरिमूबाई वस्तरा घेऊनच आल्या. "मास्तर, पुढं वाका. मानेवरचे केस काढून ठेवते. डॉक्टरांचा तेवढाच वेळ वाचेल." मास्तर 'अहो बाई, अहो बाई' करेपर्यंत वाटीत फेस तयार झाला होता. मान वळत नसल्यामुळं मास्तरांना पळून जायला दिशाच नव्हती. दहा मिनिटांत त्यांच्या मानेवर एक चौकोन तयार झाला. क्षेत्रफळ काढायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

शनिवारी पहाटे पाचला उठून मास्तरांनी पाणी प्यायला सुरुवात केली. सूचना म्हणजे सूचना. सहापर्यंत तीन लिटर झालं. मग दागिने. अंगावर दागिना म्हणाल तर लग्नाची अंगठी. ती बोटात रुतून बसलेली. साबण लावला, तेल लावलं, शेवटी रोडानं उंबऱ्याला पाय लावून ओढली, तरी निघेना.

"तीस वर्षांत एकदाही काढली नाहीत," ती धापा टाकत म्हणाली, "आणि आज काढताय ती परक्या बाईकडे जाताना!"

"सूचना आहे, रोडा."

"राहू द्या. तिला म्हणावं, निघत नाही. आणि निघणारही नाही."

सैल कपडे म्हणून सार्जंटनी आपला निळा ट्रॅकसूट पाठवला होता. त्यात मास्तर आणि आणखी एक शिक्षक मावला असता. विजार सुतळीनं बांधली. 'हलकं खा' ही सूचना तेवढी राहिली होती, तीही पाळली गेली असती; पण साडेसहाला वायरिमूबाई आल्या. पाहुण्यांसाठी रोडानं रात्रीच मुथोकोई शिजवून ठेवलं होतं, कांडलेला मका आणि घेवड्याचे दाणे, चुलीवर चार तास. बाईंनी त्याचं झाकण उचललं आणि ताट वाढलं. "पोटभर जेवा. ऑपरेशननंतर तीन दिवस नुसतं पाणी देतात." दारात समितीचे सात जण उभे राहून मास्तरांच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. मास्तर दोन ताटं जेवले.

दारात मिनीबस उभी होती. मास्तरांनी टॅक्सी सांगितली होती. समितीनं ती परस्पर परत पाठवली होती. "एकट्यानं जायचं असतं होय?" सार्जंट म्हणाले. एकोणीस जणांनी मास्तरांना मधल्या आसनावर बसवलं, बायकांनी भजनं सुरू केली आणि बस निघाली. आमच्याकडची ऑगस्टची थंडी, तीन लिटर पाणी आणि रस्त्यातले खड्डे. दोन पेट्रोल पंपांवर गाडी थांबवावी लागली. दोन्ही वेळा मास्तर सुतळी सावरत पळाले आणि मागून भजनाचा आवाज चढला.

"भीतीनं होतं असं," वायरिमूबाई हळूच बाजूच्या बाईला म्हणाल्या.

किलिमानीतलं ते केंद्र म्हणजे एका बागेतला टुमदार बंगला. पांढऱ्या कपड्यातल्या मुली, निलगिरीचा वास, कोपऱ्यात माशांची टाकी, सगळीकडे चिडीचूप. मास्तरांनी 'मला कोपऱ्यावर सोडा' असं सतरा वेळा विनवलं होतं, पण बस फाटकातून आत गेली. आता सगळं उघडं पडणार म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. सार्जंटनी इकडंतिकडं पाहिलं. "भारी हॉस्पिटल आहे," ते म्हणाले. "हल्ली खाजगीतली अशीच असतात." एकोणीस जण ओळीनं आत येऊन सोफ्यावर बसले. केंद्रातली मुलगी ओठांवर बोट ठेवून धावत आली. "इथं शांतता पाळतात, ताई." मग बायका हळू आवाजात गाऊ लागल्या, ते आणखीच अंत्यविधीसारखं वाटू लागलं. मास्तरांनी फोन बंद करून सार्जंटच्या हवाली केला. सार्जंटनी त्यांना कडक सलाम ठोकला.

आतली बाई, नासिमियू तिचं नाव, चाळिशीची, मनगटं सुतारासारखी. तिनं टॉवेल दिला. तो काटुंगेनं दाखवला होता त्यापेक्षा चांगला मोठा होता, आणि मास्तरांना जरा जगावंसं वाटलं. पलंगाला डोक्याशी एक भोक होतं. मान डावीकडे, भोक सरळ. "हे बसत नाही," मास्तर म्हणाले.

"बसेल. तुम्ही फक्त पडा."

मास्तर पडले. पोटात मुथोकोईनं आपली सभा सुरू केली होती. तिचं कामकाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मास्तरांनी सगळं अंग आवळून धरलं.

"सर, सैल सोडा."

"सोडलंय."

"हे सोडलंय?" तिनं खांद्यावर बोटानं टकटक केलं. "दार वाजवल्यासारखं वाजतंय. मान माझ्याकडे द्या."

"देतोय की."

"नाही देत. तुम्ही धरून ठेवलीय. मी डावीकडे नेते, तुम्ही माझ्याआधी नेता. मी थांबते, तुम्ही सूचना देता. इथं मास्तर मी आहे."

अठ्ठावीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. नासिमियू पाठीवर तेल चोळत राहिली, उबदार, सावकाश. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग तिनं सहज विचारलं, "एवढं काय वाहिलंत हो या मानेवर?"

आणि मास्तरांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "काटुंगेला."

मग ते थांबेचनात. काटुंगे चार वर्षांची असताना तिला ते रोज मानेवर बसवून शाळेत न्यायचे. पावसाळ्यात रस्ता वाहून जायचा, गुडघाभर चिखल. ती त्यांचे दोन्ही कान धरायची, डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. "आज बारा वाजता मला तिला विचारायचंय, जातेस का म्हणून," मास्तर भोकातून खालच्या फरशीला सांगत होते. "सहा महिने पाठ करतोय. मला तिनं नाही म्हणायला नकोय. आणि हो म्हणाली तर... हो म्हणाली तर घरी कोण राहणार, बाई?" आणि मास्तर रडले. टपटप, सरळ खाली, फरशीवर. पोटातल्या सभेनंही त्याच वेळी एक ठराव मोठ्यानं मंजूर केला. नासिमियूनं दोन्हीकडं दुर्लक्ष केलं. तिनं मास्तरांचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं, एखादं पिकलेलं फळ घ्यावं तसं. आणि या वेळी मास्तरांनी ते देऊन टाकलं.

'कट्.'

"वळवा आता," ती म्हणाली.

मास्तरांनी मान उजवीकडे वळवली. उजवीकडे भिंत होती, भिंतीवर एक खुंटी होती, खुंटीला सार्जंटचा ट्रॅकसूट होता. इतकं सुंदर दृश्य त्यांनी चार दिवसांत पाहिलं नव्हतं.

इकडं बाहेर काय झालं होतं पाहा. मुथुई काका वेळेच्या दोन तास आधी पोचण्याबद्दल प्रसिद्ध. शहरात शिरल्यावर त्यांच्याबरोबरच्या किओकोनं रस्ता विचारायला मास्तरांना फोन लावला. तो घेतला सार्जंटनी, कारण फोन चालू करून ठेवणं हे त्यांना अध्यक्षाचं कर्तव्य वाटलं होतं. "मास्तर?" सार्जंट खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तरांना आत घेतलंय. मानेचं ऑपरेशन. तासभर झाला, अजून काही कळवलं नाही." आता होणारा व्याही सुरीखाली असताना त्याच्या घरी जाऊन जेवायला बसणारा माणूस माचाकोसमध्ये जन्माला आलेला नाही. टेम्पो किलिमानीकडे वळला. सार्जंटनी तसं गटावर टाकलं. ते रोडानं वाचलं, पिठाच्या हातानं काटुंगेला ओढलं, आणि दोघी एकाच मोटारसायकलवर मागं बसून निघाल्या.

मास्तर पांढऱ्या झग्यात, तेलानं चमकत, कपाळावर आणि गालांवर पलंगाच्या भोकाचा गोल वळ घेऊन बाहेर आले, तेव्हा दिवाणखान्यात एकोणीस जणांची समिती, किओकोकडचे पाच जण, रोडा, काटुंगे आणि तीन शेळ्या होत्या. शेळ्या आत का, तर थंडीत बाहेर ठेवायच्या नाहीत असं किओकोच्या आत्याचं मत होतं. बोकड कुंडीतलं ताडाचं झाड खात होता. केंद्रातली मुलगी ओठांवर बोट ठेवून भिंतीला टेकली होती. बोट काढायचं तिला भान नव्हतं.

"चालतोय!" वायरिमूबाई किंचाळल्या. "पट्टीसुद्धा नाही!"

"टाके कुठं आहेत?" सार्जंटनी मागं जाऊन चौकोन तपासला. "काय हात आहे डॉक्टरचा! काही दिसत नाही!"

सगळे टाळ्या वाजवू लागले. फक्त एक माणूस वाजवत नव्हता. सोफ्याच्या टोकाला मुथुई काका बसले होते, काठीवर दोन्ही हात, आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं. पार खिडकीकडे.

टाळ्या थांबल्या. काटुंगेनं किओकोकडे पाहिलं, किओकोनं जमिनीकडे पाहिलं. रोडाचा हात तोंडाशी गेला. काकांना कळलंय, मास्तरांना वाटलं. त्यांनी वास ओळखला, त्यांनी पाटी वाचली. आपल्या भिडस्तपणापायी पोरीचं लग्न मोडलं. आता साखरेचा विचार करायची वेळ नव्हती.

"मुथुई काका," मास्तर मोठ्यानं म्हणाले, "आणि समितीच्या सर्व सभासदांनो. ऑपरेशन झालं नाही. होणारही नव्हतं. ही मालिश करायची जागा आहे. मी मालिश करून घेतली, दीड तास, तेलानं. सांगायची लाज वाटली म्हणून गप्प बसलो. साखर मी परत देईन. शिक्षा करायची तर मला करा. माझ्या मुलीकडून तोंड फिरवू नका."

बोकडानं एक पान तोडलं, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"तोंड कोणी फिरवलंय?" मुथुई काका खिडकीला म्हणाले. लोकांनी त्यांचा आवाजच वर्षानुवर्षं ऐकला नव्हता, किओको दचकला. "माचाकोसपासून मागं वळून या शेळ्यांवर नजर ठेवत आलोय. बोकड दोनदा उडी मारायला निघाला होता. मान आखडलीय. केव्हापासून कोणीतरी विचारेल म्हणून बसलोय, तर तुमच्या टाळ्याच संपेनात!"

आणि हसण्याचा असा लोट उठला की टाकीतले मासे तळाला गेले. वायरिमूबाई वाकून वाकून हसल्या. सार्जंट सगळ्यांत उशिरा हसले, पण सगळ्यांत जास्त वेळ.

मास्तर काकांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, म्हणजे त्यांना दिसतील असे. कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे आता त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "काका, उठा. आत एक बाई आहेत. पाणी प्यायलात का सकाळपासून?"

"नाही."

"उत्तम. मुथोकोई?"

"नाही."

"मग तुमची तयारी माझ्यापेक्षा चांगली आहे. एकच सांगतो. मान त्या मागतील. देऊन टाका."

काकांची मालिश तासभर चालली. तेवढ्यात केंद्रातल्या मुलीनं ओठांवरचं बोट न काढता एका हातानं चहा केला, समितीनं बसमधले डबे आणले, किओकोनं कुंडीची भरपाई म्हणून नवं झाड आणून द्यायचं कबूल केलं, आणि सार्जंटनी आपल्या कमरेबद्दल नासिमियूकडे पुढच्या शनिवारची वेळ घेतली. आजारांची यादी मास्तर लिहून देणार होते.

काका बाहेर आले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं, आणि भरसभेत मान हलवली. एकदा नाही, पाच-सहा वेळा, केवळ हलते म्हणून. मग ते बसले. सगळे बसले. सोफा, स्टूल, जमीन, मिळेल तिथं. काटुंगे बापाच्या उजव्या हाताला बसली.

मास्तरांनी मान उजवीकडे वळवली. चार दिवसांनी तिचा चेहरा सबंध दिसला. मोटारसायकलच्या वाऱ्यानं केस विस्कटलेले, गालावर रोडाच्या हाताचं पीठ.

"काटुंगे," ते म्हणाले. सहा महिने पाठ केलेलं सगळं भाषण विसरून गेलं, एवढंच राहिलं. "या शेळ्या घ्यायच्या का?"

ती त्यांच्या चेहऱ्यावरच्या गोल वळाकडे बघून हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मग तिनं हात वर केला, त्यांचा उजवा कान धरला, आणि हळूच ओढला.

"हो, बाबा."

बायकांनी आनंदानं आरोळ्या ठोकल्या, बोकडानं कुंडी उलटवली, आणि केंद्रातल्या मुलीनं अखेर ओठांवरचं बोट काढून टाळ्या वाजवल्या. मुथुई काकांनी पुढच्या बोलण्यासाठी घसा खाकरला. सगळे मास्तरांकडे बघत थांबले. मास्तर अजून मुलीकडेच बघत होते.

"अहो," रोडा कानाशी लागली, "आता समोर बघा. काका थांबलेत."

"थांबू देत," मास्तर म्हणाले. "आत्ता कुठं वळलीय."